कर्णाच्या चाकाचं रूट कॉज

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पुस्तक विकत घेणं सोपं आहे. ते कंपनीच्या गेटमधून आत नेणं अवघड. महाळुंग्याकडच्या एका कंपनीत वाचन प्रेरणा दिनाच्या आदल्या दिवशी पुस्तकांचे खोके घेऊन टेम्पो आला आणि सिक्युरिटीने तो अडवला. इनवर्ड रजिस्टरात रकाने होते कच्चा माल, टूलिंग, स्पेअर आणि कन्झ्युमेबल. साहित्याला रकाना नव्हता.

"कशात टाकू?"

"पुस्तकं म्हणून लिहा ना दादा."

"पुस्तकं कशात बसतात ते सांगा."

एच.आर.च्या मॅडमना फोन गेला, मॅडमनी तो स्टोअरकडे ढकलला. स्टोअरच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "वापरल्यावर संपतात का?" संपत नाहीत म्हटल्यावर त्यांनी निकाल दिला, "मग स्पेअर." अशा रीतीने अर्वाचीन मराठी साहित्य सुटा भाग म्हणून चाकण एम.आय.डी.सी.त रीतसर दाखल झालं.

१५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. कलाम विमानविद्येचे इंजिनिअर, त्यामुळे कारखान्यांना हा दिवस घरचा वाटतो. माधुरी शानभागांनी मराठीत आणलेलं 'अग्निपंख' तर या पट्ट्यात बक्षीस म्हणून इतकं वाटलं गेलंय, की ज्या घरात एक डिप्लोमावाला आहे तिथे त्याची एक प्रत सापडते आणि दोन डिप्लोमावाले असले तर दोन. तिसरी प्रत भाच्याच्या मुंजीसाठी राखून ठेवलेली असते.

कपाट आलं, पुस्तकं आली, आणि ती लावायची कशी हा प्रश्न क्वालिटीवाल्यांच्या हाती गेला. क्वालिटीवाल्या माणसाला जपान्यांचं 'फाइव्ह-एस' एकदा शिकवलं, की तो देवघरातले देवसुद्धा उंचीप्रमाणे लावतो. पुस्तकं जाडीप्रमाणे लागली. कथा, चरित्र, प्रवासवर्णन हे भेद गेले आणि पंचवीस मिलिमीटरच्या आतली व बाहेरची असे दोनच साहित्यप्रकार उरले. 'फाइव्ह-एस'चा पहिला नियम असा, की न लागणारी वस्तू हुडकून तिला रेड टॅग लावायचा. महिन्याभरात कवितेच्या झाडून सगळ्या पुस्तकांना लाल चिठ्ठ्या लागल्या. त्यात नारायण सुर्व्यांचं १९६६ चं 'माझे विद्यापीठ'ही होतं. गिरणीत राबलेल्या कवीला कामगारांच्या गावात नको असलेल्या मालात काढावं हे वाईटच, पण सुर्व्यांना लाल रंगाचं वावडं नव्हतं एवढं समाधान.

पुढची खरेदी लोकांना विचारून करावी म्हणून फॉर्म वाटले. परचेस खात्याने प्रत्येक पुस्तकाला तीन कोटेशन मागितली. 'कोसला' भालचंद्र नेमाड्यांशिवाय आणखी कोण लिहून देईल याची चौकशी झाली. कोणी देत नाही असं कळल्यावर 'सिंगल सोर्स' म्हणून वेगळं कारण लेखी द्यावं लागलं. कोणीतरी "एकमेव लेखक, १९६३ पासून पर्यायी व्हेंडर डेव्हलप झालेला नाही" असं लिहिलं. समीक्षकांनी नेमाड्यांवर खूप लिहिलंय, पण इतकं नेमकं क्वचितच.

पिंपरी-चिंचवडला साहित्य वर्ज्य आहे असं मुळीच नाही. जानेवारी २०१६ मध्ये ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच झालं, तेही हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर. १९५४ साली स्थापन झालेल्या आणि देशाला पेनिसिलीन पुरवणाऱ्या कारखान्याच्या आवारात. अध्यक्ष होते श्रीपाल सबनीस. तिथे जाऊन आलेल्यांना आज विचारलं तर उत्तरं ऐकण्यासारखी असतात. इलेक्ट्रिकलवाल्याला मांडवातली रोषणाई आठवते, लॉजिस्टिक्सवाल्याला पार्किंग, आणि कॅन्टीन कॉन्ट्रॅक्टर अजून सांगतो की एवढ्या गर्दीचं जेवण त्याला स्वतःला किती पैसे ताटाने परवडलं असतं. भाषण कशावर झालं?

"होतं की साहित्यावरच काहीतरी!"

तर अशा लोकांना एकत्र बसवून एका पुस्तकावर चर्चा ठेवायची असं ठरलं. पुस्तक निवडलं 'मृत्युंजय'. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ही १९६७ ची कादंबरी बहुतेकांनी वाचली होती आणि उरलेल्यांना वाचल्यासारखी वाटत होती. चर्चेला पाहुणा म्हणून प्रस्तुत लेखकाला बोलावण्यात आलं. गेटवर त्याला हेल्मेट आणि दोन्ही डाव्या पायांचे सेफ्टी शूज देण्यात आले. कर्णाच्या एकाकीपणावर तो दहा मिनिटं बोलला. टाळ्या वाजल्या. मग क्वालिटीचे साहेब फळ्याकडे गेले आणि त्यांनी वर लिहिलं: 'प्रॉब्लेम – चाक अडकणे'.

इथून पुढे साहित्य संपलं आणि काम सुरू झालं.

सेफ्टी ऑफिसर पहिल्यांदा उठले. त्यांच्या मते केस केव्हाच बंद झाली होती. "माणसाने कवच, कुंडलं, म्हणजे पीपीई, स्वतःच्या हाताने काढून दिलं. पुढचं काही ऐकायचंच नाही." अकाउंट्सला वेगळीच शंका होती. एवढी मोठी वस्तू इंद्राला देताना कुणाची मंजुरी घेतली होती? परचेसने चाकाचा सप्लायर विचारला. मेंटेनन्सचे काका इतका वेळ गप्प होते. त्यांनी हिशोब केला, की कर्ण युद्धात उतरला अकराव्या दिवशी आणि पडला सतराव्या. "मधे एक दिवस तरी रथ मेंटेनन्सला दिला का? नाही दिला. देणारच नाहीत. प्रॉडक्शनवाले कधी मशीन सोडतात?" हे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. कर्णासाठी त्या दुपारी कोणाचा खराखुरा कंठ दाटला असेल तर तो त्यांचा.

साहेबांनी 'फाइव्ह व्हाय' लावले. चाक का अडकलं? जमीन मऊ होती. मऊ जमिनीत रथ का नेला? तो शल्य हाकत होता. शल्याचं लक्ष का नव्हतं? मनाविरुद्ध दुसऱ्या खात्यात पाठवलेला माणूस, तो दिवसभर कर्णालाच टोमणे मारत होता. मग असा माणूस मागितलाच का? कारण समोरच्यांनी सारथी म्हणून कृष्णाला घेतलं होतं आणि आपल्याकडेही त्या तोडीचा हवा होता. एच.आर.च्या मॅडमनी मान खाली घातली. नुसतं बेंचमार्किंग करून ट्रान्सफर केल्याने काय होतं हे त्यांना व्यासांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"पण शाप होता ना त्याला, साहेब," मागून एक ट्रेनी म्हणाला.

"शाप रूट कॉज होऊ शकत नाही. त्यावर ॲक्शन घेता येत नाही."

रिपोर्ट आठ पायऱ्यांचा, एट-डी. तिसऱ्या पायरीवर तात्पुरता उपाय लिहायचा असतो. तिथे लिहिलं गेलं, "चाक निघेपर्यंत लाइन थांबवण्याची विनंती केली होती, समोरच्यांनी नाकारली." सातव्या पायरीवर साहेबांनी विचारलं, कौरवांच्या बाकीच्या रथांची चाकं तपासली का? कोणी तपासली नव्हती. त्यावर एक मिनिट खरोखर शांतता पसरली. सावंतांनी ही कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली आहे. क्वालिटीला कादंबरीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हेच: सहा साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे घेतले आहेत आणि कोणी एकमेकांचं कॉपी केलेलं नाही.

या मंडळींना हसणाऱ्यांनी जरा थांबावं. १९७७ मध्ये रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक खोडसाळ प्रयोग केला. त्यांनी मुद्दाम दुहेरी अर्थाचे उतारे लिहिले. एकात चटईवर पडलेला माणूस सुटकेचा बेत करतोय, तो तुरुंगातला कैदी असेल नाहीतर आखाड्यातला पहिलवान. दुसऱ्यात संध्याकाळी मित्र जमतात, ते पत्ते खेळायला असतील नाहीतर वाजवायला. हे उतारे शारीरिक शिक्षणाच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्यांना दिले. व्यायामवाल्यांना आखाडा दिसला, संगीतवाल्यांना मैफल. त्यातल्या पुष्कळांना उताऱ्याचा दुसरा अर्थ निघू शकतो ही शंकाही वाचताना आली नाही. त्याच वर्षी पिचर्ट आणि अँडरसन यांनी एका घराचं वर्णन वाचायला देऊन कुणाला 'तुम्ही घर घेणारे' असं सांगितलं, कुणाला 'तुम्ही चोर'. घर घेणाऱ्यांच्या लक्षात छताची गळती राहिली आणि चोरांच्या लक्षात किमती सामान. मोशी-चिखलीत फ्लॅट बुक केलेल्या माणसावर हा प्रयोग करायची गरज नाही. तो 'स्वामी' वाचतानाही शनिवारवाड्याचा कार्पेट एरिया काढतो आणि पेशव्यांना पार्किंग मिळालं होतं का ते बघतो.

प्रस्तुत लेखक कॉमर्सचा. पुस्तक हातात आलं की तो आधी मलपृष्ठावरची किंमत बघतो, तिला पानांनी भागतो, आणि पानाला दोन रुपयांच्या वर भाव गेला की त्याला लेखकाची शैली बोजड वाटू लागते.

इंजिनिअरांच्या वाचनाची घडण तर फारच कोवळ्या वयात होते. दहावीला '२१ अपेक्षित', पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री 'लोकल ऑथर'. टेबलावर शोभेला खुर्मींचा जाडजूड ग्रंथ आणि ड्रॉइंगसाठी एन. डी. भट. या शिस्तीतून चार वर्षांनी (केटी लागली तर पाच) बाहेर पडलेला माणूस कादंबरी हातात घेऊन पहिल्यांदा काय विचारतो? "यातलं आय.एम.पी. काय आहे?" शेवटचं प्रकरण आधी वाचून ठेवतो, कारण तिथे सोडवलेले प्रश्न असतात. असा एक डिझाइन इंजिनिअर पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' वाचून गंभीर झाला होता. इतक्या बिऱ्हाडांचा भार त्या जिन्याला पेलतोच कसा, हे त्याला कळेना. वाचणाऱ्याचं सोडा, लिहिणारेही यातून सुटलेले नाहीत. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते, आणि त्यांच्या कथांतली माणसं जागेअभावी इतकी का तळमळतात हे प्लॅन पास करणाऱ्याला विचारावं लागत नाही.

प्रॉडक्शनवाल्यांचं बायबल म्हणावी अशी एकच कादंबरी आहे, एलियाहू गोल्डरॅट यांची 'द गोल', १९८४ ची. लेखक भौतिकशास्त्रज्ञ. नायक कारखान्याचा मॅनेजर, त्याला तीन महिन्यांची मुदत मिळालेली, नाहीतर प्लांट बंद. मधे मुलांची एक सहल आहे. तिच्यात हर्बी नावाचा जाडसर मुलगा सगळ्यांना मागे खेचतो आणि नायकाला साक्षात्कार होतो की प्रत्येक लाइनवर असा एक हर्बी असतोच. कंपनीच्या कपाटातली ही प्रत प्रॉडक्शनच्या साहेबांनी स्वतः मेंटेनन्सच्या काकांच्या हातात दिली. निम्मी वाचून काकांनी परत केली.

"पुढचं नाही वाचायचं?"

"काय वाचायचं साहेब? शेवटी मेंटेनन्सवरच येणार."

बायकांच्या वाचनाची सोय ८ मार्चला होते. सुधा मूर्तींची गोष्ट त्या दिवशी प्रत्येक कंपनीत सांगितली जाते, आणि पिंपरीत ती सांगायचा हक्कच आहे, कारण ती घडली टेल्कोच्या बाबतीत. १९७४ मध्ये नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं होतं, त्यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, आणि त्यांना पुण्यात घेतलं गेलं. ही गोष्ट व्यासपीठावरच्या साहेबांना स्फूर्तीची वाटते. समोर बसलेल्या मुली मात्र तीच गोष्ट ऐकताना दुसऱ्या विचारात असतात: आता पोस्टकार्ड पाठवायचं ते कुणाला?

वाचनात या पट्ट्यात खरं कोण मुरलेलं असेल तर ते घरमालक. खेड तालुक्यातल्या कुठल्याही खोलीमालकाला सातबारा वाचताना बघावं. चष्मा पुसून, कागद उजेडाकडे धरून, प्रत्येक शब्द दोनदा. 'इतर हक्क' या रकान्यात काय आहे आणि त्याहून जास्त काय असायला हवं होतं, कोणत्या फेरफाराने कोणाचं नाव चढलं आणि कोणत्या बहिणीचं उतरलं, हे तो असं उलगडतो की पोथी फिकी पडावी. त्याच्या वरच्या मजल्यावर राहणारा एम.टेक. झालेला भाडेकरू गृहकर्जाच्या जाडजूड करारनाम्यावर न वाचता पानोपानी सह्या करून आलेला असतो.

मालकांची शाळा चौथीपर्यंत. गावात सप्ताह बसला की हेच गृहस्थ ज्ञानेश्वरीच्या पारायणाला पुढे असतात. एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू, मधे कारखाने, त्यामुळे या भागात सेकंड शिफ्ट आणि हरिपाठ एकाच वेळी सुटतात. एम.टेक.वालाही हौसेने पारायणाला बसला. १२९० सालचा ग्रंथ, सुमारे नऊ हजार ओव्या. पहिल्या अध्यायातच त्याने मोबाइलवर 'सार्थ' शोधायला घेतली, दुसऱ्यात सारांश शोधला, तिसऱ्यात त्याला झोपेने गाठलं. मालक मात्र डोलत होते. बी, पेरणी, पाणी, गाय, वासरू असं काही आलं की शेजारच्याला कोपराने ढोसत होते.

"काका, तुम्हाला हे सगळं पाठ आहे?"

"पाठ कशाला करायला पाहिजे? रोजचंच तर आहे."

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकन संशोधिकांनी १९८८ मध्ये चौसष्ट शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग लाकडी खेळाडू हलवून तो डाव मांडून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉलचं ओ की ठो न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. दोघींना कोणी महाळुंग्याच्या सप्ताहाला नेलं असतं तर लाकडी खेळाडूंचा खर्च वाचला असता.

आता कोणी म्हणेल, म्हणजे माणसाला आपल्याच जगातलं वाचायला आवडतं. असा हिशोब मांडून एच.आर.ने मराठवाड्यातून आलेल्या आय.टी.आय.च्या पोरांसाठी सदानंद देशमुखांची 'बारोमास' मागवली. शेतकऱ्याचं घर, शिकून बेकार बसलेला मुलगा, साहित्य अकादमी पुरस्कार. सगळं जुळत होतं. कादंबरी वाचून हमसाहमशी रडले ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेले प्लांट हेड, ज्यांनी कापूस फक्त मेडिकलच्या दुकानात बघितलाय. ज्याच्यासाठी आणली त्या लातूरकडच्या पोराने चाळीस पानं वाचून ती ठेवून दिली.

"आवडली नाही का रे?"

"भारी आहे, सर. पण हे आमचे वडील रोज रात्री फोनवर सांगतात."

त्याला हवे होते सुहास शिरवळकर, बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपैकी सापडेल ती, आणि नाइट शिफ्टला नारायण धारप. धारप रसायनशास्त्र शिकलेले, पण त्यांनी चाकणच्या पेंट शॉपचं केलेलं नुकसान कुठल्याच रसायनाने झालेलं नाही. पहाटेच्या वेळी ओव्हनच्या मागच्या अंधारात ट्रॉली आणायला कोणी एकटा जाईना. सुपरवायझरने धारप जप्त केले, घरी नेले, आणि दुसऱ्या दिवसापासून तोही ट्रॉलीला माणूस सोबत मागू लागला.

सगळ्यांचं एकमत झालं ते एकाच पुस्तकावर, मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर. स्वीपरपासून प्लांट हेडपर्यंत एकानेही त्यात दोष काढला नाही, क्वालिटीनेसुद्धा ओके टॅग लावला. हे पुस्तक आवडायला नववी पास असण्याचीही अट नाही. नववीत एकदा खिडकीजवळ बसलेलं असलं की पुरे.

कपाट आता बरं चाललंय म्हणेपर्यंत आय.ए.टी.एफ.चं क्वालिटी ऑडिट आलं. मुंबईहून आलेल्या ऑडिटरनी फायली मागवल्या आणि गडबडीत कोणीतरी कर्णाचा एट-डी रिपोर्टही त्यांच्या पुढ्यात ठेवला. क्वालिटीच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ऑडिटरांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तो वाचला. चाक, शल्य, कवच, सगळं. एकदाही हसले नाहीत, एकदाही भुवई उंचावली नाही. मग शेवटच्या पानावर पेन टेकवलं.

"'अप्रूव्हड बाय' रिकामं आहे."

साहेब चाचरले. "सर, ते... जरा वेगळं प्रकरण आहे."

"वेगळं काही नसतं. त्या वेळी साइटवर सगळ्यात सीनियर कोण होतं?"

कोणीच बोलेना. अखेर मेंटेनन्सचे काका म्हणाले, "श्रीकृष्ण."

"मग त्यांची सही घ्या."

"पण ते समोरच्या पार्टीचे, सर."

ऑडिटरांनी क्षणभर विचार केला. "मग कस्टमर अप्रूव्हल लिहा. आणि रिव्हिजन नंबर टाका."